प्रत्येकी दोन ओळी

शाळेच्या शेवटच्या वर्षी अभ्यासाचे हाल सगळ्यांचेच होतात, पण ज्याचे निबंध वर्गात वाचून दाखवले जातात त्याचे हाल वेगळे. निरोप समारंभात वाचण्यासाठी वर्गातल्या प्रत्येकावर दोन-दोन ओळी लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. आमच्या वर्गात ते माझ्या गळ्यात पडलं. वर बाईंची सूचना, "गमतीदार लिही, पण कुणाचं मन दुखवू नकोस." या दोन्ही अटी एकदम पाळून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

लिहायला बसलो आणि लक्षात आलं, नवीन काही शोधायची गरजच नाही. वर्गानं प्रत्येकाला कधीच एकेक खातं वाटून टाकलं होतं. मंत्रिमंडळात निदान खातेपालट होतो, वर्गात तेवढीही सोय नाही. बेडूक पाहून जो एकदा किंचाळला, तो पुढे कितीही शूर निघो, शाळा सुटेपर्यंत 'बेडूक'च. राजीनामा देऊन उपयोग नाही, कारण तो स्वीकारणार कोण?

सगळ्यात अवघड गेली ती आमची मॉनिटर. बाईंचं पाऊल वर्गाबाहेर पडायच्या आत तिच्या हातात खडू. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले', त्याखाली पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ, मग नावं. पुन्हा बोललात की नावापुढे फुली. अक्षर इतकं सुरेख की वरच्या सुविचारापेक्षा खालची गुन्हेगारांची यादीच डोळ्यांत भरायची. पंचाईत एवढीच की वर्ग गप्प करायला तिला स्वतःला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. मग शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन विचारत, "कोण ओरडतंय रे?" आणि दिवसभर कशावरच एकमत न होणारा वर्ग एका सुरात तिचं नाव सांगे. एकदा तिनं खडू उचलला, यादीत शेवटी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे दोन फुल्या मारल्या आणि जागेवर जाऊन बसली. बाई आल्या, त्यांनी यादी वाचली आणि काही न बोलता धडा सुरू केला. त्या दिवशी कुणालाच शिक्षा झाली नाही. तिच्यावर मी लिहिलं, "आमची नावं फळ्यावर झळकली ती हिच्या कृपेनं. गुणवत्ता यादीकडून आम्हाला ती आशा नव्हती."

'आज्जी' मात्र चुटकीसरशी लिहून झाली. तिच्या दप्तरात सेफ्टी पिन, सुईदोरा, चिकटपट्टी, जादा पेन्सिल, बाम असं सगळं असे. तिच्याकडे मागितलं आणि मिळालं नाही, असं व्हायचं नाही. पण पेन उसनं देताना ती टोपण स्वतःकडे ठेवून घ्यायची. बिनटोपणाचं पेन खिशात घालायची कुणाची छाती होत नाही, त्यामुळे पेन हमखास परत यायचं. तिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी कधी चार, कधी पाच टोपणं ओळीनं निजलेली दिसत, आणि कुठलं टोपण कुणाचं तारण आहे हे ती न बघता सांगे. मोठमोठ्या सावकारांना जे जमलं नाही ते तिनं प्रेमानं जमवलं होतं.

हुशार मुलांवर लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. "मला काहीच आलं नाही" म्हणत रडवेला चेहरा करून बाहेर येणारी आणि पहिली येणारी मुलगी सगळ्याच वर्गांत असते. आमच्या वर्गात तर दोघी होत्या, आणि त्या एकमेकींचं सांत्वन करायच्या. ते दृश्य बाकीच्यांना बघवत नसे.

त्यापेक्षा 'पुरवणी' बरा. पेपर सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला की त्याचा हात वर. बाकीचे अजून दुसऱ्या प्रश्नाशी झटत असताना त्याला पुरवणी हवी! वर्गभर घबराट. हा एवढं लिहितोय तरी काय? उत्तर साधं होतं. त्याचं अक्षर टपोरं होतं, एका ओळीत चार शब्द, आणि दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी. गुण बेताचेच पडत, पण त्यानं दुसऱ्यांचे किती गुण घालवले याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आणि आमचा मेंडेलीव्ह. हे नाव त्याला विज्ञानाच्या एका पेपरानं दिलं. पेपर तपासून आले तेव्हा त्याच्या पेपरात लागोपाठ तीन प्रश्न कोरे होते. सरांनी उभं केलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मेंडेलीव्हनं 1869 साली आवर्तसारणी मांडली, तेव्हा त्यानंही काही जागा रिकाम्या सोडल्या होत्या." हे सरांनीच आदल्या आठवड्यात शिकवलेलं, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती. सरही कसलेले. म्हणाले, "अरे, पण त्या जागी काय येणार हे त्यानं आधी सांगून ठेवलं होतं. 1875 मध्ये गॅलियम सापडलं, 1886 मध्ये जर्मेनियम, आणि दोन्हींचे गुणधर्म त्याच्या अंदाजाच्या जवळपास निघाले. तुझ्या रिकाम्या जागी काय येणार?"

"भोपळा, सर."

सरांना चष्मा काढून पुसावा लागला. त्याच्यावर मी वेगळं काही लिहिलंच नाही, हा संवाद जसाच्या तसा उतरवला. दोन ओळींचा नियम मोडला, पण बाईंनी हरकत घेतली नाही.

एक मुलगा तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा. त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. "स्वभाव शांत" असं लिहून मी मोकळा होणार होतो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून गुपित फुटलं. हजेरीच्या वेळी गैरहजर मित्रांची 'हजर सर' हा पठ्ठ्या देत होता. एकाची घोगरी, एकाची किनरी, एकाची सर्दी झालेली. ओठ हलताना दिसायचे नाहीत. आम्ही ज्याला मुका समजत होतो, तो एकटाच अर्धा वर्ग चालवत होता. हे छापलं असतं तर त्याची धडगत नव्हती, म्हणून शेवटी "स्वभाव शांत"च ठेवलं. शेवटच्या बाकावर ते वाचताना काय हशा पिकला, आणि शिक्षकांपैकी कुणाला कशाचा पत्ता नाही!

1975 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडलेल्या 392 जणांना आपले वर्गमित्र कितपत आठवतात, हे त्यांनी शाळेच्या वार्षिकांकांवरून तपासलं. शाळा सुटून 15 वर्षं होईपर्यंत लोक फोटोतले चेहरे ओळखण्यात जवळजवळ 90 टक्के बरोबर निघाले. 48 वर्षांनंतरही हा आकडा 70 टक्क्यांच्या आसपास होता. मात्र समोर काहीच न ठेवता "वर्गातल्यांची नावं सांगा" म्हटलं की गाडं अडायचं. माझ्या मते त्यांनी तिसरा रकाना ठेवायला हवा होता, खात्याचा. मी नाव विसरतो, चेहरा टकलामुळे घोटाळ्यात पाडतो, पण खातं चुकत नाही. परवा एका लग्नात सूट घातलेले एक गृहस्थ हात पुढे करून आले. मला नाव काही केल्या आठवेना, म्हणून "कसे आहात?" वर वेळ मारून नेत होतो. त्यांनीच सोडवलं. बायको-मुलांच्या देखत म्हणाले, "अरे, मी पुरवणी!"

तास संपायला दोन मिनिटं उरलेली असताना "बाई, गृहपाठ तपासायचा राहिला" अशी आठवण करून देणाऱ्या मुलावर मी जे लिहिलं होतं, ते बाईंनी लाल शाईनं पूर्ण खोडलं. त्यांचंही बरोबर होतं.

राहता राहिला वकील. त्याला आपल्यावर काय लिहिलंय याचा सुगावा आधीच लागला आणि मधल्या सुट्टीत त्यानं मला गाठलं. मी लिहिलं होतं, "हा नेहमी वाद घालतो." त्याचा पहिला आक्षेप 'नेहमी'वर. पुरावा काय? 'बहुधा' चालेल का विचारलं, तर म्हणे 'बहुधा' मोघम आहे. 'कधीकधी' लिहू का? त्यात बदनामी होते. घंटा झाली तरी आम्ही तिथेच. शेवटी बाईंनी दारातून विचारलं, "काय वाद चाललाय तुमचा?" तो म्हणाला, "वाद नाही बाई, चर्चा."

मी तिथल्या तिथे जुन्या दोन्ही ओळी खोडल्या. समारंभात त्याची पाळी आली तेव्हा वाचलं, "हा वाद घालत नाही, चर्चा करतो." टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मागून तो उभा राहिला.

"बाई, ही एकच ओळ झाली. प्रत्येकी दोन ठरल्या होत्या."