संगीत शिक्षक संघाचा बदल अर्ज : माझा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या संगीत शिक्षक संघाचा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, अखेर मंजूर झाला आणि शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या आमच्या उताऱ्यावर, हयात माणसांची नावं लागली. ही बातमी ग्रुपवर टाकली तेव्हा अर्ध्या सभासदांनी टाळ्या टाकल्या आणि उरलेल्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं?" त्या उरलेल्यांसाठी हे लिहितेय. शिवाय गावोगावच्या संगीत सभा, भजनी मंडळं, वाचनालयं अशाच कागदावर अडकून पडलेली असतात, त्यांनाही उपयोग होईल. मी गायन शिकवते, वकील नाही. कायद्याचं जे सांगतेय ते आमच्या प्रकरणात आम्हाला लागलं तेवढंच.

संघ सत्तरच्या दशकातला. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंद. त्यामुळे आमचा विश्वस्त नोंदणी क्रमांक 'एफ' अक्षराने सुरू होतो. (संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांचा जन्म 1860 चाच. हा योगायोग मी वकिलांना उत्साहाने सांगितला, त्यांनी पुढचा कागद मागितला.) काम म्हणाल तर कधीच थांबलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर या दोघांच्या जयंत्या येतात, 21 तारखेला पलुसकरांची पुण्यतिथी. त्या सुमाराला आमची वार्षिक सभा आणि दिवसभराचा कार्यक्रम. शाळांच्या समूहगीत स्पर्धेला परीक्षक आम्हीच पुरवतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांच्या आधी एकमेकांच्या क्लासची मुलं ऐकतो, कारण आपल्या मुलांचे दोष आपल्या कानाला सवयीचे झालेले असतात. एक रविवार नुसता स्वरलिपीवर घालवला होता. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला, आणि पलुसकर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र, खालचा. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकलेली मुलं एकाच ओळीत एक वर आणि एक खाली जायची, ते ऐकून वैतागलेल्या एका बाईंनी हा विषय काढला होता.

तर असं सगळं चालू असताना बँकेने खातं गोठवलं.

निमित्त झालं जवारीच्या, म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून तारेचा नाद खुलवण्याच्या, कार्यशाळेचं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्यात ठरलं की तिथल्या एका कारागिराला बोलवायचं आणि सभासदांचे तंबोरे दुरुस्त करून घ्यायचे. आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे तंबोरा कपाटावर आणि हातात मोबाईलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप, हे उघड गुपित आहे. कारागीर आले, त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, घासायची पट्टी फिरवली, तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवला, आणि एवढी वर्षं खट्ट वाजणारी माझ्या तंबोऱ्याची पंचमाची तार अशी काही बोलायला लागली की हॉलमधल्या सगळ्या गप्पा थांबल्या. पैसे द्यायची वेळ आली तर चेक परत. बँक म्हणाली केवायसी अपुरी आहे, चालू कार्यकारिणीचं प्रमाणित शेड्यूल वन आणा. कारागिरांचे पैसे आम्ही खिशातून दिले आणि शेड्यूल वन म्हणजे काय ते शोधायला लागलो.

शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला आपल्या संस्थेचा उतारा. नाव, पत्ता, उद्देश, मिळकत आणि विश्वस्तांची, आमच्या बाबतीत कार्यकारिणीची, नावं. त्याची नक्कल काढली तेव्हा कळलं की सरकारदरबारी आमचा संघ अजून त्या लोकांच्या ताब्यात आहे ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आम्ही ढाली देतो. नऊ नावांतली दोनच माणसं हयात. आमच्या अध्यक्षांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं कुणाच्या वतीनं भाषणं करतोय?"

कायद्यात गोष्ट साधी आहे. कलम 22 खाली, विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा, ज्याला कार्यालयात सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. निवडणूक झाली, अर्ज. कुणी वारलं, अर्ज. कुणी राजीनामा दिला, अर्ज. आमच्याकडे निवडणूक व्हायची, हार व्हायचे, पेढे व्हायचे आणि अर्ज राहायचा.

दोघातिघांचं म्हणणं पडलं की जुनं मढं उकरण्यापेक्षा नवी संस्था काढा, सात माणसं लागतात, आहेत आपल्याकडे. मला ते पटत नव्हतं. जुन्या नावावर ठेव होती, दोन तंबोरे आणि एक जर्मन सुरांची पेटी होती, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी पायपीट करून हे उभं केलं त्यांचं नाव पुसून आपण नवीन पाटी लावायची, हे काही बरं दिसत नव्हतं. वकिलांनी व्यवहाराचं सांगितलं: दोन विश्वस्त हयात आहेत तोवर वाट सोपी आहे, एकही उरला नाही तर कलम 47 खाली विश्वस्त नेमून घ्यावे लागतात, ते प्रकरण वेगळंच. तेव्हा ठरलं.

पहिला शोध इतिवृत्ताच्या वहीचा. जुन्या चिटणिसांच्या घरी गेले. काकूंनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढायला लावली. वही पेटीच्या जुन्या खोळीत गुंडाळलेली, कडेने वाळवीने खाल्लेली, पण अक्षर सगळं शाबूत. अक्षर तरी काय, छापील वाटावं असं. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. मधल्या वर्षांच्या दोन निवडणुका व्यवस्थित नोंदलेल्या, नंतरच्या पानांवर मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "मागील कार्यकारिणी कायम." वकिलांचा चेहरा ती वही पाहून पहिल्यांदा उजळला. म्हणजे त्या दोन निवडणुकांचे वेगवेगळे बदल अर्ज विलंब माफीच्या अर्जासह द्यायचे आणि आता रीतसर सभा घेऊन नव्या निवडणुकीचा तिसरा. मधली पायरी गाळून चालत नाही. मागचा बदल नोंदला गेला नाही तर पुढच्याला आधारच उरत नाही.

वहीतली एक अडचण मात्र अस्सल आपल्या क्षेत्रातली. उपस्थितांच्या यादीत 'बुवा', 'पेटीवाले मास्तर', 'मोठ्या बाई' अशी नावं. त्या काळी सगळ्यांना माहीत होतं कोण ते. धर्मादाय कार्यालयाच्या निरीक्षकांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, हे बुवा म्हणजे आधार कार्डावर कोण?" सह्यांवरून ओळख पटवली, काहींच्या बाबतीत घरच्यांची शपथपत्रं जोडली. बायकांचं आणखी वेगळं. माहेरच्या नावाने सभासद झालेल्या, सासरच्या नावाने निवडून आलेल्या, आणि गाण्याच्या पत्रिकेवर तिसरंच नाव. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र मीही केलं.

नव्या सभेची सूचना काढायची तर ती कुणाच्या सहीने? शेड्यूल वनवर ज्यांचं नाव आहे त्यांच्या, म्हणजे उद्या कुणी हरकत घेतली तरी सभा टिकेल. त्या दोघांपैकी एक व्हायोलिनचे सर आता पुण्यात मुलीकडे असतात. ऐकू कमी येतं. मी समोर कागद ठेवला, त्यांनी चष्मा पुसला, पूर्ण वाचला, मग मुलीला शाईचं पेन आणायला सांगितलं. मला वाटलं सही करतायत. त्यांनी 'कार्यकारीणी'तली री ऱ्हस्व केली, 'उपस्थीत' दुरुस्त केलं, शेवटी एक पूर्णविराम दिला आणि म्हणाले, "आता स्वच्छ लिहून आण, मग सही." पुन्हा छापून आणलं. सही केल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पेटी कुणाकडे आहे आणि भाता कोण बघतं.

सूचना पाठवायची कशी, हाही प्रश्न. संघाच्या घटनेत लिहिलेलं: सभेपूर्वी पूर्ण पंधरा दिवस, यूपीसीने, म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला घेऊन. टपाल खात्याची ती सेवा 2011 मध्येच बंद झाली. ग्रुपवर टाकलेली सूचना घटनेत बसत नाही. मग गावातल्या सभासदांना हातोहात देऊन वहीत सही घेतली, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्ट, आणि पावत्या जपून ठेवल्या. ग्रुपवरही टाकली, कारण वही आणि पावत्या कार्यालयासाठी, माणसं सभेला येतात ती ग्रुपमुळे.

खरी ठिणगी पडली मतदार यादीवर. 1860 च्या कायद्यात कलम 15 आहे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणतीही नाही. आमच्या खजिनदारबाई गुरुपौर्णिमेला पावती पुस्तक घेऊन बसतात, त्यामुळे बऱ्याच जणांच्या पावत्या निघाल्या. पण एक फार ज्येष्ठ गुरुजी, ज्यांच्याकडे आमच्यापैकी निम्मे शिकले, त्यांच्याकडे वर्गणी मागायची कुणाची छातीच झाली नव्हती. यादीत त्यांचं नाव बसेना. काही शिष्यांनी परस्पर मागच्या तारखेच्या पावत्या फाडायचं सुचवलं. मी आणि खजिनदारबाईंनी ठाम नाही म्हटलं. खोट्या पावतीवर उभी राहिलेली निवडणूक एका हरकतीत पडते, आणि तसं नसतं तरी आम्ही ते केलं नसतं. गुरुजींना जाऊन सांगितलं. ते आठवडाभर रुसले, मग सभेला आले, मत न देता पहिल्या रांगेत बसले आणि कोणता उमेदवार सुरात नाही हे प्रत्येकाच्या भाषणानंतर शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत राहिले.

हिशेबांचं थोडक्यात सांगते. विश्वस्त संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घेऊन दाखल करायचे असतात. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, जमा-खर्च अनुसूची नऊमध्ये. आमच्या उलाढालीत चहा, हारतुरे आणि हॉलभाडं यापलीकडे फारसं काही नाही, पण तेवढ्याचेही कागद लागतात. एका माजी विद्यार्थिनीचे यजमान सीए आहेत, त्यांनी थकलेली वर्षं ओळीने काढून दिली.

मग अर्जांची चळत. प्रत्येक अर्जाला सूचना, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची खरी प्रत, नव्यांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, जुन्यांपैकी वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, हयात असलेल्यांची ना हरकत, अर्ज देणाऱ्याचं पुराव्याचं शपथपत्र. सगळ्यात वेळ खाल्ला मृत्यूच्या दाखल्यांनी. कुणी मुंबईत वारलेलं, कुणाची मुलं परदेशात. एका घरी दाखला मागायला गेले तर त्यांनी वडिलांच्या बंदिशींची वही दाखवायला काढली आणि दाखल्याचा विषय निघेपर्यंत संध्याकाळ झाली. कामाचा दिवस गेला खरा, पण त्या वहीतली एक यमन कल्याणातली चीज मी उतरवून आणली.

कार्यालयातल्या सुनावणीच्या तारखा नेमक्या गांधर्वच्या परीक्षांच्या हंगामात पडायच्या. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, दोन्ही वेळा. माझी 'मध्यमा' परीक्षेची मुलं तोंडी परीक्षेची तयारी करत असायची आणि मी बाकावर पुकाऱ्याची वाट बघत. तिथे एक गोष्ट लक्षात आली. कागद लावलेले असले, अनुक्रमणिका असली, पानांना क्रमांक असले की समोरचा माणूसही नीट बोलतो. शेजारी एका देवस्थानाची दोन गटांतली भांडणं चालू होती, त्यांच्या मानाने आमची फाइल म्हणजे लिपिकांना विश्रांती. हरकत कुणाची आली नाही. विलंब का झाला, या प्रश्नावर वकिलांनी लांबलचक कारणं तयार केली होती. विचारल्यावर मी सांगितलं की आम्हाला हे करायचं असतं हेच माहीत नव्हतं. रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण विलंब माफ झाला.

तिन्ही अर्ज एकामागून एक मंजूर झाले. नव्या शेड्यूल वनची नक्कल बँकेत दिली, खातं सुरू झालं, ज्यांनी कारागिरांसाठी खिशातून पैसे घातले होते त्यांना चेक मिळाले.

आता काही बदल केलेत. सूचना ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपनेही देता यावी अशी घटनादुरुस्ती वार्षिक सभेने केली आहे. तीसुद्धा कळवावी लागते, तिचा अर्ज दिलाय. इतिवृत्तात प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचं, कंसात हवं तर बुवा. चिटणीसपदाच्या उमेदवाराने निवडणुकीआधीच बदल अर्जाचा कोरा नमुना भरून दाखवायचा, ही माझी सूचना मात्र कुणी अनुमोदकच न मिळाल्याने पडली. वर्गणी वाढवण्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. ज्येष्ठ गुरुजींनी त्याच सभेत पाच वर्षांची आगाऊ वर्गणी भरली आणि पावतीवरचं नाव दोनदा वाचून घेतलं.