वजन उतरले, पोट राहिले

मंगळवार, रात्री

आज प्लास्टिक सर्जनना दाखवून आलो. तपासणीच्या टेबलावर बसताच पोटाची घडी नेहमीप्रमाणे मांड्यांवर उतरली. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी वर उचलून खालची त्वचा पाहिली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, दोरीवरचे कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत तेव्हा, तिथे लाल, ओलसर चट्टा हमखास उठतो. बुरशीवरची पावडर मारली की तो दबतो आणि पुढच्या झडीत पुन्हा वर येतो. पट्टा घडीच्या वर बांधला तर पँट घसरते, खाली बांधला तर बक्कल कातडीत रुतते. १३८ किलोंचा होतो तेव्हा निदान ही अडचण नव्हती.

जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखे अरुंद करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर उतरलेले वजन आता बऱ्याच काळापासून ८६ च्या आसपास स्थिर आहे आणि डॉक्टरांना तेच महत्त्वाचे वाटले. वजन हलते असताना टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया, केले, तर पुढे कातडी पुन्हा सुटते किंवा ताणली जाते. ही शस्त्रक्रिया वजन कमी करण्यासाठी नसतेच, हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगून टाकले.

तालमीतले वस्ताद मात्र अजून म्हणतात, ‘जोर-बैठका वाढव, आत जाईल.’ त्यांच्या शब्दाला मी आयुष्यभर मान दिला आहे. पण वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतले लवचिक तंतू एकदा तुटले की खालचा स्नायू कितीही कमावला तरी वरची कातडी त्याच्याबरोबर आवळत नाही, हे मी स्वतःच्या अंगावर पाहतो आहे. (कुस्ती सुटली तरी खुराक सुटत नाही, हा आमच्या गावच्या पैलवानांचा जुना रोग; त्यावर वस्ताद कधी बोलत नाहीत.)

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवली. ओटीपोटाच्या खालून कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद, तिथून बरगड्यांपर्यंत कातडी सोडवणे, मधोमध एकमेकांपासून दूर सरकलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाक्यांनी जवळ आणणे आणि मग कातडी खाली ओढून उरलेली कापून टाकणे, असा क्रम आहे. बेंबी आपल्या देठावर जागेवरच राहते. तिच्यासाठी वरून आलेल्या कातडीत नवे भोक पाडतात. माझी कातडी आडवीही सैल असल्याने मध्ये एक उभा छेदही घ्यावा लागेल, म्हणजे व्रण उलट्या टी अक्षरासारखा होईल. तो कायमचा राहणार. लाली उतरून तो फिका व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. सुरुवातीचे काही दिवस साचणारे पाणी काढणाऱ्या नळ्या, पोटाला घट्ट पट्टा आणि वाकून चालणे. पण चालायचे मात्र लगेच, कारण पडून राहिले तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलायची नाही.

विमा कंपनीने हे ‘सौंदर्यासाठी’ या रकान्यात टाकून हात वर केले. चट्ट्यांचे फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जोडूनही उत्तर बदलले नाही. आईने वेगळ्याच शब्दांत तेच विचारले, ‘आता काय तुला पोरगी बघायला जायचंय?’ बायको हसली, पण पैशांचा विषय तिनेच पुढे काढला आणि आधी दोन खोल्यांचे छत करून घेऊ, असे म्हणाली. तिचे चुकत नाही. तरीही छताला एक पावसाळा ताडपत्री चालेल, असे माझे मत आहे आणि ते मी तिला सांगितले. यात थोडी हौस असेलही; आरशासमोर अंगाला तेल चोळत तासभर दंड न्याहाळणाऱ्या तालमीच्या गावात ती हौस मलाच लाजिरवाणी का वाटावी, हे मला कळत नाही.

खरी अट मात्र माव्याची आहे. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीच्या कडेला रक्त कमी पडून ती काळी पडू शकते. सिगारेट काय आणि मावा काय, डॉक्टरांच्या लेखी सारखेच. तो पूर्ण सुटून काही आठवडे गेल्याशिवाय ते तारीख देणार नाहीत. स्लीव्हनंतर लोह आणि प्रथिने कमी पडतात, म्हणून हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) हेही तपासायला सांगितले आहे. रक्त द्यायला शनिवारी उपाशीपोटी जायचे आहे. खिशातली माव्याची पुडी बायकोने जेवणाआधीच काढून घेतली.