सकाळी कोरी, दुपारी लाल

पार्क बंद म्हटलं की लोकांना वाटतं, सगळे कुलूप लावून हुरडा खायला गेले. संभाजीनगरकडे पाण्याच्या खेळांची गर्दी मार्च ते जून. पौषाच्या गारठ्यात तलावात कोण उतरणार? म्हणून पाळणे खोलून तपासायची कामं डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या आठवड्यात पाळी होती झोके घेणाऱ्या जहाजाची, म्हणजे कोलंबस पाळण्याची.

जहाज खालच्या टायरवर घासून झोके घेतं, हे सगळ्यांना दिसतं. त्याचं वजन मात्र वरच्या चार हातांवर असतं आणि प्रत्येक हात एका जाड पोलादी पिनेवर. झोका ६० अंशांपर्यंत गेला की तळातून जाताना त्या हातांवर उभ्या वजनाच्या दुप्पट ओढ येते. एक पूर्ण झोका साधारण सहा सेकंदांचा. तीन मिनिटांच्या फेरीत जहाज साठेक वेळा तळातून जातं. दिवसाला ४० फेऱ्या धरल्या तर २,४०० हिसके, शंभर दिवसांत २,४०,०००. प्रत्येक हिसका पूर्ण जोराचा नसतो, पण लोखंड थकायला तेवढं पुरतं.

आदल्या दिवशी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलं आणि किल्ली फिटरच्याच खिशात ठेवली. जहाजाखाली लाकडी ठोकळे रचले, दोन जॅकवर बोट अर्धा इंच उचलली. वजन पिनेवरून उतरल्याशिवाय पिन निघत नाही, आणि घण मारून काढली तर भोक बिघडतं. एक पिन अडून बसली होती. अशा वेळी गॅस कटरने तापवायचा मोह होतो, तो टाळायचा. कडक केलेलं पोलाद तापलं की मऊ पडतं, वर चिरेत ग्रीस जळून बसतं. पुलर लावून संध्याकाळपर्यंत चारही पिना काढल्या. रॉकेलने धुतल्या आणि शेडबाहेर काँक्रीटवर ठेवल्या. पहिली चूक इथेच झाली.

सकाळी साडेआठला डीपी टेस्ट, म्हणजे डाय पेनिट्रंट: डोळ्याला न दिसणारी चीर रंगाने शोधायची. आधी क्लीनरने पुसायचं, मग लाल रंग फवारून ठरलेला वेळ थांबायचं, मग कपड्याने पुसायचं. क्लीनर कपड्यावर मारायचा, पिनेवर कधीच नाही. थेट मारला तर चिरेत शिरलेला रंगही धुऊन निघतो. मग पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर, आणि निदान दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. चीर असेल तर आतला रंग पांढऱ्यावर ओघळून लाल रेघ उमटते. चारही पिना कोऱ्या निघाल्या. रजिस्टरात ‘ठीक’ लिहायला हात गेला होता.

पण तापमानाचा आकडा पटेना. लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन १८ अंश दाखवत होती आणि पिन इतकी गार की हातात धरवत नव्हती. ही गन चकचकीत धातूवर फसवते. गुळगुळीत पोलाद स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूची परत फेकतं. म्हणजे गन पिनेचं नव्हे, शेडचं आणि वर वाकलेल्या माणसाचं तापमान वाचत होती. पिनेवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली, पाच मिनिटं थांबून पट्टीवर गन धरली. आकडा आला ८.

हा रंग १० ते ५२ अंशांसाठी असतो. घडीव पोलादावर तेव्हा किमान दहा मिनिटं पुरतात. ५ ते १० अंशांत वेळ दुप्पट लागतो, कारण थंडीत रंग घट्ट होतो आणि बारीक फटीत सरकत नाही. आम्ही दहाच दिली होती. शिवाय रात्रभर उघड्यावर राहिलेल्या पोलादावर पहाटे दव धरलं होतं. वरून पुसलं तरी चिरेतलं पाणी आतच राहतं, आणि पाण्याने भरलेल्या फटीत रंग शिरणार कुठून?

पुन्हा करायचं तर आधीचा रंग पूर्ण काढावा लागतो. वाळलेला रंगच चिरेला बूच होतो. पिना सॉल्व्हंटमध्ये भिजवल्या, पुसल्या, मग दोन तास उन्हात. पट्टीवर २७ आलं. दुसऱ्यांदा टेस्ट असल्याने रंग वीस मिनिटं ठेवला. डेव्हलपर मारल्यावर तिसऱ्या पिनेवर, जाडी ७० वरून ६० मिलिमीटर होते त्या कोपऱ्यात, चौथ्याच मिनिटाला रेघ उमटली. साधारण पाव घेर. दुसऱ्या पिनेवर त्याच जागी बोटाच्या पेराएवढी.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ड्रॉइंगमध्ये त्या कोपऱ्याला ३ मिलिमीटरची गोलाई होती. लेथवाल्याने टोकदार टूलने काटकोन काढला होता. अशा काटकोनात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुटते. बेअरिंग ‘नीट टेकावं’ म्हणून असं करतात, हे मी अनेकदा ऐकलंय. त्यासाठी बेअरिंगशेजारी चॅम्फर मारलेली, म्हणजे कड तिरकी कापलेली रिंग बसवायची असते, पिनेचा कोपरा कापायचा नसतो.

वेल्डिंगचा विषय कोणीतरी काढलाच. ईएन २४ या कडक पोलादाची पिन वेल्डने भरली तर शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढची चीर तिथून निघते. चारही पिना भंगारात काढल्या, तीही आधी कटरने अर्ध्या कापून, नाहीतर भंगारातून परत कुणाच्या तरी पाळण्यात जायच्या. नवा बार सर्टिफिकेटसह घेतला, वळवण्याआधी अल्ट्रासोनिकने आतून तपासला, आणि लेथवर गोलाईचा पत्र्याचा गेज दिला.

बसवल्यावर जहाज आधी रिकामं, मग प्रत्येक सीटवर वाळूची पोती बांधून चालवलं. थांबल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. पहिल्या चालीत दोन-तीन ढिले होतातच. नव्या पिनांची डीपी दुपारी एकला झाली.

काळ्या चिकटपट्टीचं बंडल आता गनच्या मुठीला दोरीने बांधलेलं असतं. इलेक्ट्रिशियन अधूनमधून ते सोडून नेतो.