शाळेसमोर गतिरोधक मागायला गेलो, त्याची हकिगत

माझ्या मुलीची शाळा कोल्हापुरात, राजारामपुरीत वर्दळीच्या रस्त्यावर आहे. शाळा दोन सत्रांत भरते. दुपारी बाराच्या सुमाराला सकाळची मुलं सुटतात आणि त्याच वेळी दुपारची मुलं यायला लागतात. रिक्षा, व्हॅन, दुचाक्या, चारचाक्या सगळ्या गेटाला चिकटून उभ्या असतात आणि त्यांच्यातून दप्तरं वाट काढत असतात. पालकसभेत यावर बोलणं निघालं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी होती, गतिरोधक पाहिजे. अर्जाचं काम मी अंगावर घेतलं.

रस्ता महापालिकेचा असल्यामुळे अर्ज विभागीय कार्यालयात द्यायचा आणि त्याची प्रत शहर वाहतूक शाखेला. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं. दोन्हीकडे आवक शिक्का मारून पोच घ्यायची, कारण पुढे कुणीही पहिल्यांदा आवक क्रमांकच विचारतं. मधल्या हेलपाट्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाठपुरावा करावा लागला, केला. जागा बघायला अभियंते आले तो दिवस मात्र मला फार उपयोगी पडला.

गतिरोधक म्हणजे रस्त्यावर डांबराचा आडवा ढीग, इतकीच माझी कल्पना होती. त्यांनी सांगितलं की याचं माप ठरलेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 किलोमीटरनं येणारी गाडी त्यावरून आरामात जावी, जास्त वेगानं येणाऱ्याला दणका बसावा, असा तो हिशेब आहे. गतिरोधक येण्याआधी सूचनाफलक हवा आणि रंगाचे पट्टे ठळक हवेत. गल्लोगल्ली लोक स्वतःच घालून घेतात ते अरुंद, उभट उंचवटे वेगळे. तिथे दुचाकीस्वार ऐनवेळी ब्रेक दाबतो आणि मागं बसलेलं पोर हवेत उडतं.

हे बोलणं चालू असताना आमच्या शाळेचे एक जुने रिक्षामामा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "ताई, गतिरोधक घाला की, नको कोण म्हणतंय. पर हितं पोरं दिसतच न्हाईत बघा. ही गाड्यांची भिंत हलवा आधी."

त्यांचं म्हणणं मनात बसलं. मग आम्ही काही पालक सुटायच्या वेळेला समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून नुसतं बघू लागलो. भरधाव गाड्या थोड्याच होत्या, कारण त्या वेळेला तिथे वेग घ्यायला जागाच नसते. पण दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून पहिली-दुसरीतलं मूल बाहेर पडतं तेव्हा रस्त्यावरच्या चालकाला ते रस्त्यात आल्यावरच दिसतं. आजकालच्या उंच गाड्यांचं बॉनेटच त्या मुलाच्या डोक्याइतकं असतं. मुलालाही पलीकडचं काही दिसत नाही, आणि दिसलं तरी त्या वयात येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. ताशी 30 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढं जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं.

आणखी एक गोष्ट रोज दिसायची आणि तिनं माझ्या अंगावर काटा यायचा. आई किंवा आजोबा पलीकडच्या बाजूला स्कूटर लावून तिथूनच हाक मारतात, "ए सोन्या, हिकडं ये!" आपलं माणूस दिसलं की मूल दुसरं काही बघत नाही, थेट धावत सुटतं. गर्दीत शोधावं लागू नये म्हणून प्रेमानं मारलेली ही हाक मला त्या रस्त्यावरची सगळ्यात धोकादायक गोष्ट वाटते. वेगापेक्षाही.

महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितलेली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक, वाहतूक पोलीस, परिवहन विभाग यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. आम्ही विषय तिथे मांडला आणि मागणीची उतरंड बदलली. आधी गेटच्या दोन्ही अंगांना रस्ता मोकळा, मग ठळक झेब्रा पट्टे, मग गतिरोधक. रिक्षा आणि व्हॅन शाळेच्या बाजूलाच, पुढच्या कोपऱ्यापलीकडे ओळीनं लागतील. चारचाकीवाल्यांनी मागच्या गल्लीत गाडी लावून चालत यायचं. दुचाकी कुठेही लावा, पण मुलाला घ्यायला गेटपर्यंत या आणि हात धरून न्या. पलीकडून हाक मारायची नाही. लहान वर्ग मोठ्यांच्या दहा मिनिटं आधी सोडायचे.

विरोध झालाच. "उन्हातनं एवढं चालायचं?" "ऑफिसची वेळ असते." खरं सांगायचं तर ते चालणं दोन-तीन मिनिटांचं आहे. पावसाळ्यात त्रास होतो, हे मी मान्य करते. कोल्हापूरचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. पण पावसातच काचा धूसर होतात, छत्रीआडून काही दिसत नाही आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. म्हणजे रस्ता मोकळा ठेवायची गरज तेव्हाच जास्त.

सगळ्यात आधी नियम पाळला तो रिक्षामामांनी. त्यांनी स्वतःच आपापसांत पाळी लावली आणि रोज एक जण पट्ट्यांजवळ उभा राहायला लागला. मामा हात वर करून रस्त्यात उभे राहिले की बुलेटवाला पोरगाही थांबतो. झेब्रा पट्ट्यावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा कायदाच आहे, पण इथे तो मामांच्या हातामुळे पाळला जातो, हे मला कृतज्ञतेनं लिहायचं आहे.

समितीत मोठ्या मुलांचाही विषय निघाला. नववी-दहावीची मुलं गिअरची गाडी घेऊन येतात आणि शाळेपासून लांब कुणाच्या तरी दारात लावतात. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायचा परवाना मिळतो. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे सभेत वाचून दाखवल्यावर बरेच बाप गप्प झाले. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, हेही तेव्हाच सांगितलं. लहान मापाची हेल्मेट आता काही मुलांच्या डोक्यावर दिसतात, सगळ्यांच्या नाही.

ऊसाच्या हंगामाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या शहराच्या रस्त्यांवरून कारखान्याकडं निघतात आणि आमची पोरं पळत जाऊन चालत्या ट्रॉलीतून कांडं ओढतात. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, बरेच आजोबा ते कौतुकानं सांगतात. त्यांनी तसं सांगू नये असं मला मनापासून वाटतं. वळणावर मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापते आणि तिच्या चाकाजवळ काय चाललंय हे ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत या रस्त्यानं ट्रॉल्या येऊ नयेत असं पत्र आम्ही वाहतूक शाखेला दिलंय. वर्गावर्गात जाऊन मुलांशीही बोलतोय.

गतिरोधक झाला आहे, मापात. पट्टे मारले आहेत. टायरांनी ते झिजतात, म्हणून दर वर्षी शाळा उघडण्याआधी मे महिन्यातच पुन्हा रंगवायचं पत्र द्यायचं ठरवलंय. तुमच्या शाळेसाठी कुणी हे करणार असाल, तर अर्जासोबत हाताने काढलेला साधा नकाशा जोडा. गेट कुठे, गाड्या कुठे लागतात, मुलं नेमकी कुठून ओलांडतात, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, एवढं त्यात असू द्या. सुटायच्या वेळेचे फोटो जोडा, पण मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असे. आणि जागेची पाहणी दुपारी बारालाच करा असा आग्रह धरा, कारण चार वाजता आलेल्या माणसाला तो रस्ता रिकामाच दिसेल.