गोधडीला जुनंच कापड का?

गोधडीला जुनंच कापड का घेते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी गोधड्या शिवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "जुने कपडे कशाला? छान नवं कापड आणून शिवा की, जास्त टिकेल." जुनं कापड म्हणजे नाइलाज, पूर्वीच्या ओढग्रस्तीत चालवून घेतलेली गोष्ट, असंच बहुतेकांना वाटतं. माझ्या घरात कोरं कापड पडून असतं, तरी गोधडीसाठी मी सोडते ते जुन्या साड्यांचं गाठोडं.

नव्या सुती कापडाला खळ असते. ते धुतलं की आटतं, आणि प्रत्येक कापड आपापल्या मापाने आटतं. गोधडीत पाच-सहा थर एकत्र शिवलेले. त्यातला एकच पहिल्या धुण्यात आटला तर बाकीचे फुगतात, चुण्या पडतात, टाके ताणले जातात. शिवाय गडद तुकड्याचा रंग शेजारच्यावर उतरतो. दहा वर्षं नेसलेल्या साडीचं हे सगळं होऊन गेलेलं असतं. आटायचं ते आटलं, जायचा तो रंग गेला. आणि सुई! घट्ट विणीच्या नव्या चादरीचे चार थर घेऊन धावदोरा घालून पाहा, तासाभरात बोटाचं टोक सोलवटतं. जुन्या साडीच्या सहा घड्यांतून तीच सुई सरसर जाते. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, त्यामुळे एका जाड कापडापेक्षा असे पातळ थर जास्त उपयोगाचे.

जुनं म्हणजे कसलंही नव्हे, हेही सांगायला हवं. प्रत्येक कापड मी आधी उजेडासमोर धरते, मग दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून बघते. सुती साडी बसायच्या जागी आणि पायाशी विरते. काठ नि पदर बहुधा शाबूत असतात. म्हणून काठ कडेला लावायचे, पदर वरच्या थराला, विरलेला भाग आत भरायला. शर्टाची कॉलर नि कोपर जातात, पाठ चांगली राहते. सिंथेटिक साडी मी घेत नाही. ती थरात घसरते आणि घाम शोषत नाही. होजिअरी ताणते. जीन्सची गोधडी एकदा केली, पण ओली झाल्यावर ती दोघांनाही पिळवेना.

दोराही सुतीच. सुरुवातीला एका गोधडीला मी मुद्दाम न तुटणारा दोरा वापरला होता. दोन वर्षांनी दोरा जसाच्या तसा, आणि कापड मात्र टाक्यांच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखं चिरलेलं. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. चिरलेल्या कापडाचं काय करणार? तेव्हापासून दोरा नेहमी कापडापेक्षा थोडा दुबळा निवडते.

एकट्याला पुरणारी गोधडी साधारण पाच फूट बाय सात फूट. इंचाइंचावर ओळी घेतल्या तर साठ ओळी, प्रत्येक चौऱ्याऐंशी इंचांची. इंचाला चार टाके धरले तर वीस हजार टाके होतात. एवढे टाके ज्यात घालायचे ते कापड हाताला प्रेमाने साथ देणारं हवं, असं मी मानते.

आईची एक गोधडी कडेला फाटली तेव्हा नवी खोळ चढवायला मी ती थोडी उसवली. वरच्या थराखाली दुसरी, आणखी जुनी गोधडी निघाली, तिच्या टाक्यांसकट. आईनेच कधीतरी ती भरणासाठी आत घातली असणार. त्या आतल्या गोधडीत खाकी कापडाचा एक तुकडा होता, आणि त्यावर वितीपेक्षा लहान एक गडद चौकोन. खिसा उसवून काढलेला. बाकीचं खाकी उन्हाने, धुण्याने फिकं पडलेलं, खिशाखालचं तेवढं पहिल्या दिवसाच्या रंगाचं. कडेने उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकंसुद्धा दिसत होती. मी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

अमेरिकेत अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालायच्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, आणि त्यांतल्या काहींत असेच खिशांचे गडद ठसे आहेत. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, मुलीला मदतीला घेऊन. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. तिचा फोटो पाहिला तेव्हा मला आधी आठवला तो आमच्या गोधडीतला खाकी चौकोन. नव्या कापडात हे कुठून आणणार?

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांच्या कवंदीचं, म्हणजे त्यांच्या गोधडीचं, तंत्रही मला फार आवडतं. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि ठिगळं लावत लावत, शिवत शिवत मध्यावर पोचतात. मी आधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी पक्के करून मग शिवते, आणि तरी मधे थोडी ढिलाई जमतेच. त्यांची ठिगळं शिवतानाच बसत जातात, त्यामुळे ढिलाई वाटेतच जिरते. गेल्या वर्षी तसं करून पाहिलं. चार ओळींनंतर हात बसला.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू कोरी सुती चादर घेऊन आल्या, नातीसाठी गोधडी करायची म्हणून. मी म्हटलं, काकू, ही आधी दोन-तीन वर्षं अंथरा, नातीला हिच्यावर झोपू दे, भरपूर धुवा, मग घेऊन या. त्यांना पटलं. चादर सध्या त्यांच्या पलंगावर आहे, आणि परवा धुवून वाळत घातलेली पाहिली तर एका कोपऱ्यात नातीने पेनाने काढलेलं एक घर होतं. तो कोपरा मी वरच्या थराला घेणार आहे.