युफुइनची गाडी आणि सासूबाईंची आंघोळ

जपानमधल्या फुकुओकात राहणाऱ्यांकडे पाहुणे आले की त्यांना युफुइन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला न्यायचं, हे ठरलेलंच असतं. सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा माझ्यापुढे दोन प्रश्न होते. 'युफुइन नो मोरी' गाडीची तिकिटं मिळतील का, हा पहिला. आणि मिळालीच, तर तिथल्या आंघोळीचं काय करायचं? जपानी ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता, अनोळखी बायकांसोबत पाण्यात बसायचं असतं. हे सासूबाईंना सांगायचं कसं?

आधी तिकिटाचं. प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहाला आरक्षण उघडतं. गाडीतली सगळी आसनं आरक्षित असल्यामुळे 'बघू, चढल्यावर टीसीला भेटू' हा मार्ग बंद. आम्हाला जायची तिकिटं मिळाली, यायची संपली होती. परतीला हायवे बस घेतली. याच मार्गावर 'युफु' नावाची साधी एक्सप्रेसही धावते, रूळ तेच आणि डोंगरही तेच. पण पाहुण्यांना हिरवी 'युफुइन नो मोरी'च हवी असते, त्याला इलाज नाही.

गाडी फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून सकाळी सव्वानऊच्या सुमारास निघते. अंतर साधारण 135 किलोमीटर आणि वेळ सव्वादोन तास, म्हणजे घाई कुठेच नाही. कुरुमे सोडलं की क्युदाई मार्ग लागतो. तो एकेरी आहे आणि त्यावर वीज नाही, म्हणून 1989 पासून धावणारी ही गाडी डिझेलवरच चालते. खिडकीतून नीट दिसावं म्हणून डब्याची फरशी मुद्दाम उंच केलेली आहे. त्यामुळे दारातून आत आल्यावर पुन्हा पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. सासूबाई कठड्याला धरून चढल्या आणि लाकडी फरशी बघून म्हणाल्या, "अगं, चपला काढायच्या का इथं?"

गाडीत मिळणारे बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे, बहुतेक मासे-मटणाचे, आणि भाजीचं वाटलं तरी त्यात दाशी, म्हणजे माशाचं सार, असतंच. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. लांब पल्ल्याच्या गाडीत खायला हरकत नसते. बुफेच्या डब्यातून कॉफी तेवढी आणली.

हिता गाव सोडलं की खरी मजा सुरू होते. हिताच्या थोडं अलीकडचा कागेत्सु नदीवरचा रेल्वे पूल जुलै 2017 च्या पुरात वाहून गेला होता. तो पुन्हा उभा राहून गाड्या सुरू व्हायला वर्ष लागलं. पुढे जिओन धबधब्यापाशी गाडी चक्क मंदावते आणि कर्मचारी तशी घोषणाही करतात. बुंगो-मोरीजवळ 1934 सालची इंजिनांची अर्धगोल शेड आहे, काचा फुटलेली. त्याच भागात किरिकाबु नावाचा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. अजस्र कापराचं झाड तोडलं, त्याचा हा बुंधा, अशी तिथली दंतकथा आहे. सासूबाईंचा निकाल मात्र लगेच लागला: "पाचगणीचं टेबललँडच की हे." तेवढ्यात एक मुलगी तारखेची पाटी आणि टोपी घेऊन फोटो काढायला आली. टोपी घातलेला तो फोटो आता सांगलीच्या सगळ्या भिशी मंडळात फिरला आहे.

युफुइनचं काळं लाकडी स्टेशन 1990 चं, वास्तुविशारद आराता इसोझाकींनी आखलेलं. बाहेर आलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला 1583 मीटर उंच, जोडशिखरांचा युफु-दाके डोंगर. माझं स्पष्ट मत असं की इथे उतरल्यावर युनोत्सुबो रस्त्यावरच्या दुकानांकडे बघूसुद्धा नये. सगळे आधी तिकडे वळतात आणि दुपार संपवतात. बऱ्याच र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी मुक्कामाच्या घरांत, बाहेरच्यांना आंघोळ दुपारपर्यंतच मिळते, कारण तीनच्या सुमारास मुक्कामाचे पाहुणे यायला लागतात. म्हणून आम्ही टॅक्सी करून थेट आंघोळीला गेलो.

उपाय होता काझोकुबुरोचा. हे छोटं खासगी कुंड तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. आधी नोंदवता येत नव्हतं, पण रिकामं होतं. वेळ अर्धी अर्धी वाटून घ्यायची ठरली.

"आई, आधी त्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं. साबण पूर्ण गेला की मगच पाण्यात उतरायचं."

"म्हणजे आंघोळ करून आंघोळीला जायचं?"

"हो. आणि आत कपडे चालत नाहीत."

"परकरसुद्धा नाही? वज्रेश्वरीला आपण साडीसकट उतरलो होतो."

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून दहा मिनिटं झाली की बाहेर येऊन बसायचं, चक्कर वाटली तर हाक मारायची, असं बजावलं आणि दाराबाहेर बसून राहिले. आतून आधी पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग चक्क भूपाळी, तीही दुपारी! माझ्या वाटणीच्या वेळेतला बराचसा भाग त्यांनी खाल्ला. बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन, आणि म्हणाल्या, "पाण्याला गंधकाचा वास कसा नाही गं?" इथलं बरंचसं पाणी साधं, बिनवासाचं आणि बिनरंगाचं असतं.

मग मी एकटीच मोठ्या उघड्या कुंडात गेले. लाल पडद्याआड बायकांचा भाग, कपडे ठेवायला वेताच्या टोपल्या, हातात वीतभर रुंदीचा टॉवेल. तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पहिली दोन मिनिटं लाज वाटते हे खरं. पण शेजारच्या आजी आपल्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्या डोंगराकडे बघत असतात. मग आपणही तिकडेच बघतो.

किनरिन तलावापर्यंत नंतर चालत गेलो. त्याच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे थंडीत पहाटे पाण्यावर धुकं चढतं. दुपारी पोचणाऱ्यांना ते दिसत नाही, आम्हालाही दिसलं नाही. गर्दी मात्र भरपूर होती.

बसला वेळ होता, म्हणून स्टेशनच्या फलाटावरच्या आशियुमध्ये, म्हणजे फक्त पाय बुडवायच्या गरम कुंडात, पाय सोडून बसलो. पैसे भरले की छोटा टॉवेल मिळतो. साडी जरा वर धरून बसता येतं, त्यामुळे सासूबाईंना ही सोय फार पटली. पुढच्या पाहुण्यांची यादी त्यांनी तिथेच बसून सांगायला सुरुवात केली: आधी त्यांची धाकटी बहीण, मग नणंद. "त्यांना मात्र यायची तिकिटंही गाडीचीच काढ," म्हणाल्या.