मनोऱ्याची सावी

तंजावर जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे, हे तिथे जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. माझ्या मनातले तंजावर म्हणजे कावेरीचे कालवे, भाताची शेते आणि भोसल्यांचा वाडा. पहिले दोन दिवस त्यातच गेले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास मान अवघडेपर्यंत वाचला, सरस्वती महाल हे ग्रंथालय पाहिले आणि सांबाराच्या जन्माची दंतकथा तिघांकडून तीन प्रकारे ऐकली. त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे मी भर घालत नाही. मला सांगायचे आहे ते समुद्रकाठच्या एका मनोऱ्यापाशी गेलेल्या तिसऱ्या दिवशीच्या दुपारविषयी.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणारी बस ओरत्तनाडूवरून जाते. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या मुक्तांबाळ या प्रिय सखीच्या नावाने बांधलेले अन्नछत्र या गावात आहे. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि निवारा मिळत असे. तमिळमध्ये त्याला ‘छत्रम’च म्हणतात, त्यामुळे कंडक्टरला पत्ता विचारताना मला फारसे कष्ट पडले नाहीत. मी तिथे अर्धा तास थांबलो आणि त्या अर्ध्या तासामुळे पुढची बस चुकली. परिणामी मल्लिपट्टिणमजवळच्या फाट्यावर उतरलो तेव्हा भर दुपारचा एक वाजला होता आणि डोक्यावर टोपी नव्हती.

वाटेत नारळाच्या बागा लागल्या, पण त्या कोकणातल्यासारख्या दाट वाटेनात. एकसारख्या ठेंगण्या माडांमध्ये अधूनमधून शेंडा तुटलेला एखादा उंच सोट उभा होता. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी इंग्रजीत एवढेच सांगितले, “गाजा.” नोव्हेंबर २०१८ मधल्या त्या चक्रीवादळाने एका रात्रीत या भागातले असंख्य माड आडवे केले. नव्या माडाला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर घर कशावर चालवायचे, असे ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. माझे आजोळ रत्नागिरीकडचे असल्यामुळे त्या उंच सोटांकडे मलाही फार वेळ पाहवले नाही.

मी पाहायला आलो होतो तो मनोरा. गंमत अशी की आपण ज्या शब्दाने कोणत्याही उंच बुरुजाला हाक मारतो, तो इथे विशेषनाम झाला आहे. बसची चौकशी करतानाही ‘मनोरा’ एवढे म्हटले की पुरते. आठ मजल्यांची, सुमारे २३ मीटर उंचीची, वर जाताना निमुळती होत गेलेली ही वास्तू सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधली. ती कशासाठी बांधली, हे सांगताना मराठी माणूस जरा अडखळतो. इंग्रज सरकारचे मित्र सरफोजी महाराज यांनी ब्रिटिश शस्त्रांच्या विजयाचे आणि बोनापार्टच्या पाडावाचे स्मारक म्हणून ती उभारली, असे तिथला १८१४ चा शिलालेख सांगतो.

तो मजकूर मी आधी वाचला होता आणि तेव्हाही चिडलो होतो. पुढे चारच वर्षांत पेशवाई बुडाली आणि इकडे आपलाच एक राजा इंग्रजांच्या विजयाचा मनोरा बांधतो! मात्र त्या तापलेल्या जागेवर उभे राहिल्यावर राग तेवढा शुद्ध राहिला नाही. काका अमरसिंगांना बाजूला सारून सरफोजींना गादी मिळाली ती कंपनीच्या पाठिंब्याने. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि त्यांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. अशा माणसाने मित्रत्वाचा दाखला दगडात कोरून ठेवला, तर त्यात खुशामत किती आणि सावधपणा किती, हे पुण्यात पंख्याखाली बसून ठरवणे मला सोपे गेले होते. त्यातही नियतीची थट्टा म्हणजे १८१४ मध्ये नेपोलियन संपलेलाच नव्हता. एल्बा बेटावरून तो मार्च १८१५ मध्ये फ्रान्सला परतला आणि वॉटर्लूची लढाई झाली ती त्या जूनमध्ये. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांतून बातम्या महिनोन्‌महिने उशिरा पोचत. तो निसटल्याचे कळले तेव्हा गवंड्यांना काम थांबवायला सांगितले असेल का, हा प्रश्न मला दिवसभर सुचत राहिला.

मला वर जाऊन समुद्र पाहायचा होता, पण जिन्याच्या दाराला कुलूप होते. सावलीत बसलेल्या वृद्ध रखवालदारांनी मी कुठला, हे विचारले. मी महाराष्ट्राचे नाव घेताच ते प्रसन्न हसले आणि मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “उंग राजा कट्टिनदु.” तुमच्या राजाने बांधला, एवढे मला समजले. मी कुलपाकडे बोट दाखवून चावी फिरवल्याची खूण केली. ते म्हणाले, “सावी इल्लै.” हा शब्द त्यांनी आणि आपण दोघांनीही पोर्तुगीजांकडून उचललेला आहे आणि त्या दुपारी ‘राजा’ सोडला तर आम्हा दोघांत तेवढाच एक सामाईक शब्द होता, तोही नकारासाठी कामी आला. तीन बस बदलून आलेल्या माणसाला दोन जिने चढू द्यायला काय हरकत होती, असे मला मनापासून वाटले आणि मी ते शुद्ध मराठीत बोलूनही दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग मी खालूनच समुद्र पाहिला. लाटांची गाज नाही, फेस नाही; ओहोटीचा चिखल, त्याचा उग्र दर्प आणि लांबवर स्थिर उभ्या होड्या. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या मला ते तळेच वाटले. मात्र भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या उपसागराच्या या उथळ, संथ पाण्यामुळेच तळाशी समुद्रगवताची कुरणे वाढतात आणि त्यांवर डुगाँग हा समुद्री सस्तन प्राणी चरतो. तमिळमध्ये त्याला ‘कडल पसु’ म्हणजे समुद्रातली गाय म्हणतात. तंजावर आणि शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्याच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर पाणी २०२२ मध्ये त्याच्यासाठी राखीव झाले. मला अर्थातच एकही दिसला नाही.

निघताना रखवालदार उठले आणि खिशात हात घालून त्यांनी एक चावी बाहेर काढली. मी आशेने दोन पावले पुढे झालो. “सैकल सावी,” असे म्हणत त्यांनी भिंतीला टेकवलेल्या सायकलचे कुलूप उघडले, डबा हँडलला अडकवला आणि मला हाताने ‘बसा, बसा’ अशी खूण करून ते जेवायला घरी निघून गेले.